पोंगलची रजा

सिंगापूरमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या तमिळ कुटुंबाच्या घरात दोन कागदांना फार महत्त्व असतं. एक म्हणजे तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाने जाहीर केलेली सार्वजनिक सुट्ट्यांची यादी. ती एका पानात मावते आणि वर्ष सुरू होण्याच्या कितीतरी महिने आधी हाती येते. दुसरं म्हणजे रोज एक पान फाडायचं ते तमिळ कॅलेंडर. लिटल इंडियातला किराणावाला किंवा सोनार ते नव्या वर्षाला गिऱ्हाइकाच्या हातात ठेवतो. त्याच्या हातभर पुठ्ठ्यावर देवाचं चित्र असतं आणि खाली पानांचा जाडजूड ठोकळा. प्रत्येक पानावर मोठ्या आकड्यात इंग्रजी तारीख, बाजूला तमिळ महिना आणि त्याची तारीख, मग तिथी, नक्षत्र, राहुकाळ, यमगंड आणि ‘नल्ल नेरम’, म्हणजे चांगली वेळ. लग्नाचा मुहूर्त असलेल्या दिवसावर तशी खूण छापलेली असते.

गावी कधी जायचं, मुलांना कधी न्यायचं, भावाच्या लग्नाला किती दिवस मिळतील, हे सगळं या दोन कागदांचा मेळ घालून ठरतं. हा मेळ कसा घालायचा ते इथे सावकाश सांगतो. माझं स्वतःचं मत आधीच सांगून टाकतो: दिवाळीसाठी रजा खर्च करू नये, पोंगलसाठी करावी.

सिंगापूरच्या यादीत अकरा सुट्ट्या आहेत. एक जानेवारी, चिनी नववर्षाचे दोन दिवस, गुड फ्रायडे, हरी राया पुआसा म्हणजे रमजान ईद, एक मेचा कामगार दिन, वेसाक म्हणजे बुद्धजयंती, हरी राया हाजी म्हणजे बकरी ईद, नऊ ऑगस्टचा राष्ट्रीय दिन, दीपावली आणि नाताळ. चिनी, मलय, भारतीय, ख्रिस्ती, बौद्ध असा सगळ्यांचा विचार करून हा वाटा काढलेला आहे. त्यात तमिळ हिंदूच्या वाट्याला स्वतःचा असा एकच दिवस येतो, दीपावली. पोंगल नाही, तमिळ नववर्ष नाही, तैपूसम नाही.

तैपूसम पूर्वी होता. १९६८ मध्ये सुट्ट्यांची संख्या कमी केली गेली तेव्हा तो यादीतून गेला. सण मात्र थांबला नाही. त्या दिवशी सेरंगून रोडवरच्या श्री श्रीनिवास पेरुमाळ मंदिरातून टँक रोडच्या श्री तेंडायुधपाणी मंदिरापर्यंत दुधाचे कलश आणि कावडी घेऊन भाविक चालत जातात. मधल्या वारी कावड घ्यायची तर रजा टाकावीच लागते. कॉजवेचा पूल ओलांडला की पलीकडे मलेशियाच्या जोहोर राज्यात त्याच तैपूसमला सुट्टी असते. एका देशात राहून दुसऱ्या देशाची सुट्टी गृहीत धरणारे नातेवाईक, ‘तुम्हाला सुट्टी नाही?’ असं दर वर्षी आश्चर्याने विचारतात.

आता तमिळ कॅलेंडरकडे वळू, कारण सगळी मेख तिथे आहे. आपलं मराठी पंचांग चांद्र महिन्यांवर चालतं, म्हणून आपले बहुतेक सण इंग्रजी तारखांमध्ये मागे-पुढे सरकतात. तमिळ वर्ष सौर आहे. सूर्य राशी बदलतो तेव्हा महिना बदलतो. त्यामुळे तै महिन्याचा पहिला दिवस, म्हणजे पोंगल, चौदा किंवा पंधरा जानेवारीलाच येतो. आपल्या मकरसंक्रांतीचंही तसंच आहे, कारण दोन्हींच्या मुळाशी एकच संक्रमण आहे. फक्त हिशेबाच्या पद्धतीमुळे एखाद्या वर्षी एका दिवसाचा फरक पडतो. २०२६ मध्ये संक्रांत चौदाला आणि पोंगल पंधराला, असं झालं. चित्तिरैचा पहिला दिवस, म्हणजे तमिळ नववर्ष, चौदा एप्रिलला. तो बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीचाही दिवस, त्यामुळे तमिळनाडूच्या सरकारी यादीत त्या तारखेसमोर दोन्ही कारणं लिहिलेली असतात.

याचा रजेच्या दृष्टीने अर्थ असा की पोंगल कधी आहे हे पाहायला कुठल्या यादीची वाट बघावी लागत नाही. तीन वर्षांनंतरचा पोंगलही आजच साधारण सांगता येतो. एक दिवस इकडे-तिकडे, बस.

तैपूसमचं तसं नाही. तो तै महिन्यात पूसम, म्हणजे पुष्य नक्षत्र, पौर्णिमेच्या आसपास असेल त्या दिवशी येतो. २०२४ मध्ये पंचवीस जानेवारीला गुरुवारी आला, २०२५ मध्ये अकरा फेब्रुवारीला मंगळवारी, आणि २०२६ मध्ये एक फेब्रुवारीला. हा शेवटचा रविवार होता, म्हणून कावडीवाल्यांची रजा त्या वर्षी वाचली.

दिवाळीची तारीख चांद्र तिथीवर ठरते आणि इथे मराठी वाचकाला एक ओळखीची गोष्ट भेटेल. तमिळ दीपावलीचा मुख्य दिवस लक्ष्मीपूजनाचा नाही, नरकचतुर्दशीचा आहे. पहाटे उठून घरातल्या वडीलधाऱ्यांनी डोक्यावर तेल घालायचं, शिकेकाईने न्हायचं, नवे कपडे घालायचे, मग आलं-मिरी-ओवा-गूळ घालून केलेलं दिवाळीचं लेहियम चमचाभर खायचं आणि त्यानंतरच फराळाला हात लावायचा. सकाळी एकमेकांना विचारतात, ‘गंगास्नानम आच्चा?’ म्हणजे अभ्यंगस्नान झालं का. आपल्या पहिल्या आंघोळीचीच ही पहाट. त्यामुळे सिंगापूरच्या यादीतली दीपावली ही आपल्या नरकचतुर्दशीला येते, लक्ष्मीपूजनाला येईलच असं नाही. २०२४ मध्ये तिथे एकतीस ऑक्टोबरला सुट्टी होती आणि महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन एक नोव्हेंबरला झालं. २०२५ मध्ये तिथे वीस ऑक्टोबर, इथे लक्ष्मीपूजन एकवीसला. सिंगापूरमधल्या मराठी आणि उत्तर भारतीय घरांना मग लक्ष्मीपूजन ऑफिसातून आल्यावर उरकावं लागतं. तमिळ घरांची मात्र सुट्टी नेमकी सणाच्या दिवशीच पडते.

दिवाळीसाठी रजा खर्च करू नये असं मी म्हणतो ते याचमुळे. तो दिवस आधीच मोकळा आहे. दिवाळी हा घराचा सण आहे आणि घर सिंगापूरमध्येही आहे. सेरंगून रोडवर महिनाभर आधीपासून रोषणाई असते, कँपबेल लेनवर बाजार भरतो, मुरुक्कू आणि अदिरसम हवं तेवढं मिळतं, देवळं उघडी असतात, दिवसभर घरी पाहुण्यांची ये-जा चालते. चिनी आणि मलय शेजारीही फराळाला येतात. शिवाय दिवाळीच्या आठवड्यात विमानाचं तिकीट महाग होतं आणि गावी पोचून हाती दीड दिवस उरतो. तो दीड दिवसही प्रवासाच्या थकव्यात जातो.

पोंगलचं तसं नाही. पोंगल फ्लॅटमध्ये होत नाही असं नाही. गॅसवर भांडं ठेवून दूध उतू जाऊ देतात, ‘पोंगलो पोंगल’ म्हणून ओरडतात, सगळं करतात. कँपबेल लेनवर ऊस आणि पानांसकट हळदीची रोपं विकायला येतात, शहरातल्या मुलांना दिसाव्यात म्हणून गाईसुद्धा आणून बांधतात. पण हा शेतीचा सण आहे. भोगीला पहाटे जुन्या वस्तूंची होळी होते, घरं सारवून, रंगवून घेतात. दुसऱ्या दिवशी अंगणात तीन विटांच्या चुलीवर मडकं चढतं. त्याच्या गळ्याला हळदीचं रोप बांधलेलं, आत नवा तांदूळ, गूळ आणि मुगाची डाळ, आणि सगळं घर दूध कोणत्या बाजूने उतू जातं ते बघत उभं. तिसऱ्या दिवशी माट्टु पोंगल. त्या दिवशी बैलांना आंघोळ, शिंगांना रंग, गळ्यात माळा. त्याच दिवशी बहिणी भावांसाठी हळदीच्या पानांवर रंगीत भाताचे मुटके ठेवतात. चौथ्या दिवशी काणुम पोंगल, म्हणजे भेटीगाठी आणि नदीकाठी जेवण. मदुरैच्या बाजूला अवनियापुरम, पालमेडु आणि अलंगानल्लूर इथले जल्लिकट्टू याच दिवसांत ओळीने होतात. यातलं निम्मं गावाशिवाय होऊ शकत नाही. गावात पोंगल न पाहिलेली मुलं तो फक्त गोड भाताचा दिवस म्हणून ओळखतात. मला ते फार चुटपुट लावणारं वाटतं.

तेव्हा पोंगलची रजा कुठून काढायची, हा खरा प्रश्न. त्यासाठी नियम नीट माहीत हवेत.

सिंगापूरच्या रोजगार कायद्यानुसार तीन महिने नोकरी झाली की पगारी वार्षिक रजेचा हक्क सुरू होतो. पहिल्या वर्षासाठी ७ दिवस, मग दर वर्षी एक दिवस वाढत आठव्या वर्षी १४. ही कायद्याची किमान मर्यादा. बऱ्याच कंपन्या पांढरपेशा नोकरदारांना पहिल्या वर्षापासूनच जास्त देतात, पण मजुराच्या करारात बहुधा किमानच असतं. वर्ष पुरं झालेलं नसेल तर जेवढे महिने भरले तेवढ्या प्रमाणात रजा मोजतात. म्हणजे सप्टेंबरात कामाला लागलेल्या माणसाच्या खात्यात जानेवारीत दोन-तीनच दिवस जमलेले असतात. पहिल्या वर्षीचा पोंगल साहेबाच्या मर्जीवर असतो, तो असा.

सुट्टी रविवारी आली तर सोमवार मोकळा मिळतो. शनिवारी आली आणि शनिवार तुमचा एरवीही कामाचा दिवस नसेल, तर बदल्यात दुसरा दिवस किंवा एक दिवसाचा जादा पगार मिळतो. दिवस द्यायचा की पैसे, हे बहुधा कंपनीच्या धोरणात लिहिलेलं असतं. ते नोकरीला लागतानाच विचारून घ्यावं. सार्वजनिक सुट्टी तुमच्या रजेच्या मध्ये आली तर ती रजेत धरत नाहीत. सुट्टीच्या आदल्या किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी न कळवता खाडा केला, तर मात्र सुट्टीचाही पगार जाऊ शकतो. विमान चुकलं, एक दिवस उशीर झाला, तर तिथूनच फोन करून कळवावं आणि परवानगीचा संदेश जपून ठेवावा.

आणि एक तरतूद अशी आहे जी कितीतरी लोकांना ठाऊक नसते. मालक आणि कामगार या दोघांची संमती असेल तर एखादी सार्वजनिक सुट्टी दुसऱ्या कामाच्या दिवसाशी बदलून घेता येते. म्हणजे गुड फ्रायडेला कामावर जायचं आणि त्याऐवजी पोंगलला सुट्टी घ्यायची, असं कायद्यात बसतं. मालकावर बंधन नाही, पण विचारायला काहीच हरकत नाही. दुकानं, उपाहारगृहं, रुग्णालयं, जिथे सणाच्या दिवशी माणसं कमी पडतात, तिथे असा बदल आनंदाने मान्य होतो. चिनी नववर्षाला काम करायला तयार असलेला माणूस कुठल्याही मालकाला हवाच असतो. बोलणं मात्र दोन-तीन महिने आधी करावं आणि ठरलेलं लिहून घ्यावं.

आता प्रत्यक्ष गणित मांडू. २०२६ चं वर्ष घेतो, कारण त्यात जवळजवळ प्रत्येक प्रकारचा नमुना सापडतो. आठवड्याला पाच दिवस काम करणारा, दुसऱ्या वर्षात असलेला, ८ दिवस रजेचा धनी असा माणूस समजा.

पोंगल गुरुवार, १५ जानेवारी. शुक्रवारी तिरुवळ्ळुवर दिन, शनिवारी उळवर तिरुनाळ, म्हणजे शेतकऱ्यांचा दिवस. या तिन्ही दिवशी तमिळनाडूत सरकारी सुट्टी. भोगी बुधवारी. मंगळवारी रात्री निघायचं, बुध, गुरु, शुक्र अशा तीन रजा टाकायच्या, आणि रविवारी रात्री परतायचं. तीन दिवसांत अख्खा सण पदरात पडतो. उरल्या ५.

पुढे चिनी नववर्ष, मंगळवार-बुधवार, १७ आणि १८ फेब्रुवारी. सोमवार, गुरुवार आणि शुक्रवार अशा तीन रजा जोडल्या तर शनिवार १४ ते रविवार २२ असे सलग नऊ दिवस होतात. हे दिवस तमिळ माणसाला का मोलाचे? मार्गळीत, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, लग्नं होत नाहीत. तै लागला की ती सुरू होतात आणि पुढच्या मासी महिन्यातही चालतात. चिनी नववर्ष एकवीस जानेवारी ते वीस फेब्रुवारी यांच्या दरम्यानच येतं, म्हणजे दर वर्षी तै किंवा मासीत, लग्नसराईतच. दुसऱ्याच्या सणाची सुट्टी अशी दर वर्षी आपल्या घरच्या लग्नाच्या कामी येते. तै आला की वाट निघते, या अर्थाची तमिळ म्हण आहे. परदेशातल्या तमिळांना ती वाट बऱ्याचदा चिनी नववर्ष काढून देतं. लग्नाचं एक ध्यानात ठेवावं: मुहूर्त पहाटेचा किंवा सकाळी लवकरचा असतो आणि आदल्या संध्याकाळी नवरदेवाला वाजतगाजत आणतात. म्हणून रजा मोजताना मुहूर्ताच्या आदल्या दिवसापासून मोजावी.

घरात लग्न नसेल तर फेब्रुवारीत रजा घालवू नये. मेच्या अखेरीस २०२६ मध्ये त्याहून चांगला योग होता. बुधवार २७ मे हरी राया हाजी, रविवार ३१ मे वेसाक, म्हणून सोमवार १ जूनही मोकळा. गुरुवार-शुक्रवार दोन रजा टाकल्या की सलग सहा दिवस. त्यात आधीचे सोमवार-मंगळवार मिळवले की चार रजांत शनिवार २३ मे ते सोमवार १ जून असे दहा दिवस. हा वैकासी महिना, लग्नाचा. आपल्याकडे त्या वर्षी सतरा मे ते पंधरा जून अधिक ज्येष्ठ, त्यामुळे मराठी घरांत लग्नं थांबलेली. तमिळ सौर वर्षात अधिक महिना येत नाही. वेसाक एकतीस मेला आणि भारतातली बुद्धपौर्णिमा एक मेला, असा महिनाभराचा फरकही त्या वर्षी पडला. म्हणूनच भारतातल्या सुट्टीवरून सिंगापूरच्या सुट्टीचा अंदाज बांधू नये, यादीच बघावी.

पोंगलच्या तीन आणि मेच्या चार मिळून सात. उरली एक. शिवाय त्या वर्षी हरी राया पुआसा शनिवारी, एकवीस मार्चला आली, म्हणजे पाच दिवसांचा आठवडा असणाऱ्याला बदली दिवस. कंपनी दिवस देत असेल तर तो चौदा एप्रिलला, मंगळवारी, तमिळ नववर्षाला लावून टाकावा. गावी जायचं नाही. सकाळी आंबा, गूळ आणि कडुनिंबाची फुलं घालून केलेली पच्चडी खायची, देवळात जायचं, पंचांगवाचन ऐकायचं, एवढ्यासाठी. राष्ट्रीय दिन रविवारी, त्याचा सोमवार मोकळा; पण तो आडी महिना, त्यात शुभकार्य नाही, म्हणून ती जोडून सुट्टी बेलाशक मलेशियात फिरायला वापरावी. दीपावली रविवारी आठ नोव्हेंबरला, सोमवार मोकळा. शनिवार ते सोमवार तीन दिवस एकही रजा न टाकता.

मुलं शाळेत जाऊ लागली की या गणितात तिसरा कागद येतो आणि तो सगळ्यांत कठोर असतो. सिंगापूरचं शालेय वर्ष जानेवारीच्या पहिल्या दिवसांत सुरू होतं. पोंगल येतो तेव्हा शाळा नुकतीच उघडलेली असते, नवा वर्ग, नव्या बाई. मोठ्या सुट्ट्या दोन: जूनच्या सुमारास चार आठवडे आणि नोव्हेंबरच्या मध्यानंतर वर्षअखेरीपर्यंत सहा आठवडे. तमिळनाडूच्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी एप्रिल-मेमध्ये असते आणि जूनमध्ये त्या उघडतात. म्हणजे जूनमध्ये नातवंडं गावी पोचतात तेव्हा त्यांची चुलत-मावस भावंडं दप्तर घेऊन शाळेला निघालेली असतात. आजीला आनंद होतो, मुलांना खेळायला कोणी नसतं. दोन्हीकडच्या सुट्ट्या खऱ्या अर्थाने जुळतात त्या फक्त नाताळच्या आठवड्यात, तिकडची सहामाही परीक्षा संपल्यावर. तो मार्गळी महिना. लग्नं नाहीत, पण भल्या पहाटे दारासमोर रांगोळीचे मोठमोठे कोलम, मध्यभागी शेणाच्या गोळ्यात खोचलेलं भोपळ्याचं फूल, देवळात तिरुप्पावैची पदं, आणि चेन्नईत असाल तर संगीताचा हंगाम. शाळकरी मुलांचा पोंगल हुकणारच असेल, तर त्यांना मार्गळी तरी दाखवावी. प्राथमिक शाळेतल्या मुलाचे दोन-तीन दिवस बुडवून पोंगलला नेणारे आईबाप मला चुकीचे वाटत नाहीत, पण शाळेला आधी पत्र द्यावं. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचं वेळापत्रक निराळं असतं. तिथे हिशेब पुन्हा करावा.

प्रवासाचं एक सूत्र आहे: शक्यतो चेन्नई टाळावी. सिंगापूरहून तिरुच्चिराप्पळ्ळी, मदुरै आणि कोइमतूर इथे थेट विमानं जातात, चारेक तासांची. तंजावूर, पुदुक्कोट्टै, तिरुवारूर, शिवगंगा या भागांतल्या लोकांना तिरुच्ची सोयीचं. पोंगलच्या आदल्या दोन रात्री चेन्नईतून दक्षिणेकडे लाखो माणसं निघतात. २०२३ च्या अखेरीपासून तिकडे जाणाऱ्या बसगाड्या शहराबाहेरच्या किळांबाक्कमच्या स्थानकातून सुटतात, आणि विमानतळावरून सामानसुमान, पोरंबाळं घेऊन तिथवर जाणं हाच एक प्रवास होतो. खासगी ‘ऑम्नी’ बसचे दर तेव्हा गगनाला भिडतात. परतीचं तर विचारू नका. काणुम पोंगलनंतरच्या रविवारी चेंगलपट्टूपासून चेन्नईपर्यंत ग्रँड सदर्न ट्रंक रोडवर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. त्या रात्रीचं चेन्नईहून सुटणारं विमान धरण्याचा बेत आखूच नये.

तरीही रेल्वेने जायचं असेल तर आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती; नोव्हेंबर २०२४ पासून ती निम्म्यावर आली. तेरा जानेवारी २०२६ च्या पांडियन किंवा उळवन एक्स्प्रेसचं तिकीट चौदा नोव्हेंबरला सकाळी आठला उघडलं. सिंगापूरचं घड्याळ अडीच तास पुढे, म्हणजे तिथे साडेदहा, ऐन कामाची वेळ. पोंगलच्या गाड्या काही मिनिटांत भरतात. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून आरक्षण उघडल्यावरची सुरुवातीची वेळ आधार जोडलेल्या खात्यांसाठीच राखून ठेवली आहे. परदेशातल्या माणसाचा आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक बंद पडलेला असला तर सगळंच अडतं. तो क्रमांक चालू ठेवावा, नाहीतर गावाकडच्या भावाला सांगून ठेवावं.

हे सगळं महिन्याच्या पगारावर काम करणाऱ्या, कुटुंब सोबत असलेल्या माणसाचं झालं. बांधकामावर, जहाजबांधणीच्या यार्डात, कंत्राटी सफाईत काम करणाऱ्या तमिळ मजुराचं गणित वेगळं आहे. तो वर्षातून दोनदा जात नाही, एकदाच जातो, कधी दोन वर्षांनी जातो, आणि गेला की महिनाभर राहावंसं त्याला वाटतं. सार्वजनिक सुट्टीला मालकाच्या सांगण्यावरून काम केलं तर त्याला त्या दिवसाचा मूळ दराने जादा पगार मिळतो, म्हणून तो दीपावलीलासुद्धा हेल्मेट घालून साइटवर दिसतो. तो दिवस त्याने घरी पाठवायच्या पैशांत बदललेला असतो. त्याच्यासाठी माझा सल्ला एवढाच, की घरी जायचा महिना तै निवडावा आणि तो प्रकल्पाच्या सुपरवायझरला सहा महिने आधी सांगावा. त्या महिन्यात पोंगल, लग्नं आणि भाताची कापणी, तिन्ही एका तिकिटात होतात. घरकाम करणाऱ्या बायका रोजगार कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. त्यांची घरी जायची रजा करारात जी लिहिली असेल तीच, म्हणून सही करण्याआधी ती वाचून घ्यावी, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला कोणीतरी सोबत असावं.

सगळे तमिळ हिंदू नाहीत, हेही विसरता येत नाही. कडयनल्लूर, नागोर, किळक्करै इथल्या तमिळ मुसलमानांची सिंगापूरमध्ये जुनी वस्ती आहे. त्यांना यादीत दोन्ही ईद मिळतात, पण एक पेच आहे. सिंगापूरमध्ये ईदची तारीख गणिताने आधीच ठरते. तमिळनाडूत मुख्य काझी चंद्र दिसल्यावर जाहीर करतात. त्यामुळे गावी जाऊन ईद करायची असेल तर परतीच्या तिकिटात एक दिवस जास्तीचा ठेवावा. तमिळ ख्रिस्ती कुटुंबांचं मन असतं वेळांकण्णीच्या यात्रेत. ती एकोणतीस ऑगस्टच्या ध्वजारोहणापासून आठ सप्टेंबरपर्यंत चालते आणि त्या काळात सिंगापूरमध्ये एकही सुट्टी नाही. त्यांची रजा तिकडेच जाणार.

राहता राहिली ती शिल्लक टाकलेली एक रजा. ती शक्यतो ठेवूनच द्यावी, खरं तर एकाऐवजी दोन-तीन ठेवता आल्या तर उत्तम. घरात मृत्यू झाल्यास सिंगापूरच्या कायद्यात वेगळी रजा नाही. बऱ्याच कंपन्या आपणहून दोन-तीन दिवस देतात, काही देत नाहीत. तमिळ घरांतले विधी बऱ्याच ठिकाणी सोळाव्या दिवसापर्यंत चालतात. अशा वेळी लोक अंत्यविधीला धावतात, तीन दिवसांनी परततात आणि सोळाव्याला पुन्हा जाता येत नाही. आईवडील थकलेले असतील तर कंपनीशी आधीच बोलून ठेवावं: बिनपगारी रजा किती मिळेल, पुढच्या वर्षीच्या रजेतून उचल घेता येईल का, वर्षअखेर उरलेली रजा पुढे नेता येते का. हे प्रश्न सुखाच्या दिवसांत विचारले तर उत्तर नीट मिळतं. दुःखाच्या रात्री, विमानतळावरून, ते विचारायची वेळ येऊ नये.

नवी यादी बहुधा वर्षाच्या मध्याला जाहीर होते. त्या संध्याकाळी पहिली खूण करायची ती पुढच्या जानेवारीतल्या भोगीच्या आदल्या दिवसावर, कारण तिरुच्चीचं विमान त्याच रात्री सगळ्यांनाच हवं असतं.